गेम संपवलास? मग काय केलंस ते सांग

मराठी वर्तमानपत्रात व्हिडिओ गेम भेटतो तो बहुधा गुन्हेवृत्तात. मुलाने आईच्या खात्यातून परस्पर पैसे उडवले, मोबाइल काढून घेतला म्हणून कोणी घर सोडले, ऑनलाइन रमीपायी कर्जात बुडालेल्या तरुणाने टोकाचे पाऊल उचलले. त्याखालोखाल आरोग्य पुरवणी: मान, डोळे, झोप आणि व्यसन. कधीतरी अर्थवृत्तात या उद्योगाची उलाढाल. पण नाटक, सिनेमा, पुस्तक, गाण्याची मैफल, अगदी नव्याने उघडलेले मिसळीचे हॉटेल यांवर जिथे चार बऱ्यावाईट ओळी छापून येतात, त्या पानावर गेमला जागा नाही. गेममुळे बिघडलेला माणूस बातमीत येतो. गेम मन लावून खेळून, शेवटापर्यंत नेऊन, मग त्यावर काही बोलू पाहणारा माणूस मराठीत शोधावा लागतो.

ही हौशी मंडळींची किरकोळ कुरकुर आहे असे मला वाटत नाही. अशी बोलणारी माणसे नसल्यामुळे सट्ट्याचे ॲप, चौघांनी मिळून खेळायची मारामारी आणि तासाभरात संपणारी एखादी प्रेमकथा या तिन्हींना आपण ‘गेम’ म्हणतो आणि तिन्हींबद्दल एकच मत बनवून मोकळे होतो.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 20 तारखेला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची संमती. इतक्या झपाट्याने आपल्याकडे फार कमी गोष्टी होतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठरला, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता मिळाली. त्याच्या आदल्या महिन्यात विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसल्याची चित्रफीत गाजली होती. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांच्याकडचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले. यावर वेगळा विनोद करायची गरज महाराष्ट्राला उरली नाही.

कायद्याने पैशाची रेघ ओढली, ते बरेच झाले. पण त्या रेघेच्या अलीकडे जे हजारो गेम उरतात, त्यांत कोणता कसा हे कोणता कायदा सांगणार? सांगूही नये. सरकारी बाबूने गेमची प्रतवारी करावी, ही कल्पनाच अंगावर येते. चीनने 2021 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून फक्त तीन तास ऑनलाइन गेमची मुभा ठेवली. घड्याळ लावून वेळ मोजता येतो, त्या वेळात मुलाच्या डोक्यात काय चालले होते ते मोजता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गेमिंगच्या विकाराला रोगांच्या यादीत घेतले तेव्हाही व्याख्येत तासांचा आकडा घातला नाही. ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणे, ही तिथली लक्षणे आहेत. विकार खरा आहे, त्यावर मी वाद घालत नाही. पण रोगाची व्याख्या हातात असली म्हणून त्या गोष्टीबद्दलचे सगळे बोलणे दवाखान्यातच व्हायला हवे असे नाही.

मग ते कुठे आणि कसे व्हावे? माझ्या मते प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल. कादंबरी वाचून झाली की आपण विचारतो, कशी वाटली? गेमबद्दल हाच प्रश्न टाकला की ‘भारी’, ‘बोअर’, ‘ग्राफिक्स खतरनाक’ एवढीच उत्तरे येतात, आणि विचारणाऱ्याची खात्री पटते की यात बोलण्यासारखे काही नसतेच. संपवलेल्या गेमबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तू काय केलंस?

‘पेपर्स, प्लीज’ हा गेम घ्या. लुकस पोप या एका माणसाने बनवून 2013 मध्ये आणलेला. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, साल 1982. सरकारी सोडतीत तुमचे नाव निघते आणि सीमेवरच्या तपासणी नाक्यावर तुमची नेमणूक होते. समोर खिडकी, खिडकीपलीकडे न संपणारी रांग, आणि कागद पसरायलाही अपुरे पडेल असे टेबल. पासपोर्ट, प्रवेश परवाना, कामाचा परवाना. तारीख उलटून गेली आहे का, फोटो जुळतो का, शिक्का खरा आहे का, ते बघायचे आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. जितकी माणसे तपासाल तितका पगार. दिवसाच्या शेवटी भाडे, अन्न, घर उबदार ठेवायचा खर्च. चूक झाली की खरखरत चिठ्ठी येते. रोजच्या पहिल्या दोन चुका माफ, पुढे दंड.

सुरुवातीच्या दिवसांतच एक नवरा येतो. कागद ठीक. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. पाठोपाठ ती येते. तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. परत गेले तर मला मारून टाकतील, म्हणते. पडद्यावर दोन ओळींचा मजकूर आणि तुमच्या हातात शिक्का.

मी तिला आत सोडले. का सोडले हे नंतर स्वतःशी पडताळून पाहिले, तेव्हा फारसे अभिमानाचे उत्तर मिळाले नाही: त्या दिवशीची माफीची चूक शिल्लक होती, म्हणून दया परवडली. माझ्या धाकट्या भावाने तिला परत पाठवले. त्याच्या गेममध्ये मुलगा आजारी होता आणि त्या दिवशीच्या दोन्ही चुका आधीच खर्ची पडल्या होत्या. “ताई, तुझं फुकटचं पुण्य आहे,” असे तो मला सुनावून गेला, आणि त्यावरून आमचे जे वाजले ते जेवण होईपर्यंत चालू होते. सरकारी खिडकीपलीकडचा माणूस निर्दय का होतो, यावर मी पुष्कळ वाचले आहे. पण माझी माणुसकी माफीच्या दोन चिठ्ठ्यांवर टांगलेली आहे, हे वाचून कळण्यातले नव्हते.

आणि हे सगळे बोलायला गेम शेवटापर्यंत न्यावा लागतो. पुढे पुढे नाक्यावरचा एक पहारेकरी येऊन सांगतो, जास्त माणसे अटकेत धाड, मला त्याचे पैसे मिळतात, तुला वाटा देतो. पहिल्या दिवशी हे ऐकले असते तर कोणीही झिडकारले असते. घरभाडे थकल्यावर तेच वाक्य वेगळे ऐकू येते. या गेमला वीस शेवट आहेत. ‘मी संपवला’ एवढे सांगून भागत नाही, कोणत्या शेवटाला जाऊन पोचलात तेही सांगावे लागते, कारण तो शेवट तुमच्या शिक्क्यांनी घडलेला असतो.

त्याच लुकस पोपचा 2018 चा गेम ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. 1807 साल. बेपत्ता झालेले एक व्यापारी जहाज परत येते, आत जिवंत कोणी नाही. साठ माणसांचे काय झाले ते शोधायचे आहे. तुमच्याकडे एक घड्याळ. प्रेताजवळ धरले की मृत्यूच्या क्षणाआधीचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठून उभा राहतो. त्यात हिंडून, कोणाच्या पायात कसले बूट, कोण कोणत्या हेलात बोलतो, झोळीवरचा क्रमांक काय, यावरून नाव आणि मृत्यूचे कारण वहीत लिहायचे. तीन नोंदी बिनचूक झाल्या की त्या पक्क्या होतात. कोड्याची रचना म्हणून याची जगभर वाहवा झाली. ती रास्तच आहे.

पण तो संपवल्यावर माझ्या मनात जे राहिले ते निराळे. या गेममध्ये आपण असतो ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. साठ माणसांचा हा सगळा शोध कशासाठी, तर कोणाच्या वारसांना किती भरपाई द्यायची आणि कोणाच्या मालमत्तेतून किती दंड कापायचा हे कंपनीला ठरवता यावे म्हणून. शेवटी हिशेबाचा कागद समोर येतो, त्यात माणसे रकमा होऊन बसलेली असतात. खलाशांच्या यादीत भारतातून आलेलेही आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांच्या घरातला आजा-पणजा बोटीवर खलाशी म्हणून गेला, त्यांना ही यादी कशी दिसेल? दोनशे वर्षांपूर्वी ज्या कंपनीने आपला मुलूख गिळला, तिच्याच कारकुनाच्या नजरेने तिच्याच जहाजावरच्या लस्करांची, म्हणजे आपल्याकडच्या खलाशांची, ओळख पटवायची, यावर रत्नागिरीकडचा एखादा खेळाडू काय म्हणेल? परदेशी समीक्षणांत हा मुद्दा मला ठसठशीत कुठे दिसला नाही. त्यांनी तो मांडावा ही अपेक्षाही नाही. तो आपणच मांडायचा आहे, आणि मांडायला माणूसच नाही.

माणूस नाही म्हणताना एक कबूल केले पाहिजे. मराठीत गेमवर बोलणारे आता बरेच आहेत. ‘काय मग भावांनो’ अशी हाक देऊन रात्री लाइव्ह खेळणारी मुले आहेत, त्यांची भाषा चटपटीत आहे, कित्येकदा आमच्यासारख्यांच्या लेखी मराठीपेक्षा जिवंत आहे. पण ते बोलणे चालू डावाचे असते. खेळ संपल्यावर, थोडे मागे सरून, हे जे झाले ते काय झाले असे विचारणारे बोलणे त्यात येत नाही. त्या माध्यमाला थांबून चालत नाही, त्याला त्या मुलांचा इलाज नाही. जिथे लिहिले जाते तिथे उलट भीती: शेवट फोडला तर शिव्या पडतील. मग काय उरते? चित्रे कशी, किती तासांचा, किंमत किती, दहापैकी किती गुण. ही झाली खरेदीची शिफारस. रहस्यनाटकाचा शेवट परीक्षणात फोडू नये हे ठीक; बाकी नाटकांबद्दल आपण शेवटासकट भांडतोच ना? ज्याला धक्का राखून ठेवायचा आहे त्याने गेम संपवून मग लेख वाचावा. जो कधीच खेळणार नाही, त्याच्यासाठी तर शेवट सांगितलाच पाहिजे.

पुण्याच्या ‘राजी’चे उदाहरण मला या बाबतीत बोलके वाटते. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातल्या चमूचा हा गेम 2020 मध्ये जगभर गेला, त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या पुरस्कारांत पदार्पणाच्या स्वतंत्र (बड्या कंपनीच्या पाठबळाविना बनलेल्या) गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी; तिच्या मागावर असुर; वरून कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. माझ्या वाचनात जे मराठी लिखाण आले ते ‘पुण्यातल्या तरुणांची भरारी’ या थाटाचे होते. कौतुक झाले, परीक्षण झाले नाही. मी तो संपवला आहे. दगडी मंडप, भिंतीवरची चित्रे, सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारी कथा, हे फार देखणे आहे. कॅमेरा दूर सरकून राजी ठिपक्याएवढी होते आणि भोवतीचे शहर दिसते, तेव्हा नुसते थांबून बघावेसे वाटते. मारामारी मात्र अवघडलेली आहे, आणि शेवट असा आवरता घेतला आहे की पुढचे प्रकरण छापायचे राहून गेले की काय अशी शंका येते. सुरुवातीला सगळे संवाद इंग्रजीत होते, हिंदी आवाज दोन वर्षांनी सुधारित आवृत्तीत आला. हे बोलून दाखवल्याने त्या मंडळींचा मान कमी होत नाही. शाल-श्रीफळ देऊन विषय संपवणे हाच खरा अनादर आहे. पुढचा गेम बनवणाऱ्याला आपल्या भरारीच्या बातम्यांतून शिकण्यासारखे काय मिळते?

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. हे सगळे चोचले कॉम्प्युटर आणि प्लेस्टेशन परवडणाऱ्यांचे. महाराष्ट्रातले बहुतेक पोरगे मोबाइलवर फुकटचा गेम खेळते. खरे आहे. आणि फुकटचा गेम संपत नाही, कारण त्याला संपणे परवडत नाही. त्याची कमाई तुमच्या परत येण्यावर आहे. रोज हजेरी लावली की बक्षीस, नवा सीझन, नवा पास, नवा पोशाख. चुकलात तर गेले. यातले खेळकौशल्य खोटे नाही. रात्री चार मित्र चार गावांतून एका डावात भेटतात, एकमेकांना वाचवतात, शिव्या घालतात, ती दोस्तीही खोटी नाही, आणि 2020 मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा जे हळहळले ते काही सगळे व्यसनी नव्हते. कालचा डाव कसा मारला हे ही मुले रंगवून सांगतात. पण दोन वर्षे खेळलास, त्यात काय झाले, असे विचारले की उत्तर रँकवर येऊन थांबते. पैशाच्या ॲपवर खेळणाऱ्याला विचारले की उत्तर रकमेवर थांबते, तेही सांगितले तर. आईबापांना गेम पारखायला यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही, आणि तिला कंट्रोलर हातात धरता येण्याचीही गरज नाही.

राहिला मोबाइलचा मुद्दा. ‘पेपर्स, प्लीज’ 2022 पासून मोबाइलवर आहे. 2018 चा ‘फ्लोरेन्स’ तर मोबाइलसाठीच बनला: मेलबर्नच्या चमूचा, तासाभराच्या आत संपणारा. फ्लोरेन्स नावाची नोकरदार मुलगी आणि क्रिश हा चेलो वाजवणारा मुलगा. पहिल्या भेटीत बोलताना संवादाचा फुगा तुम्हाला कोड्याचे तुकडे जुळवून पूर्ण करावा लागतो, आणि तुकडे बरेच असतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, शेवटी एकच उरतो, तो उचलून ठेवला की झाले. शब्द एकही नाही, पण आता बोलायला कष्ट पडत नाहीत हे बोटाला कळते. पुढे भांडण होते. आता तुकडे टोकदार आहेत आणि घाई आहे. तिच्या आधी त्याचे वाक्य पूर्ण झाले तर ती हरणार. मी जीव खाऊन जुळवत होते. नात्यातल्या भांडणात आपण ऐकायचे सोडून फक्त पुढचे वाक्य जुळवत असतो, हे मला कोणी प्रवचनात सांगितले असते तर मी जांभई दिली असती. क्रिशचे सामान घरात आणताना कपाटात जागा करायची असते, फ्लोरेन्सचे काय काढायचे ते तुम्ही ठरवता. माझ्या मैत्रिणीने तिचे काहीच काढले नाही. लग्नाला वीस वर्षे झालेल्या तिच्या नवऱ्याने ते बघून जो प्रश्न विचारला, तो इथे छापण्याजोगा नाही.

न खेळता मत देणाऱ्यांत मोठी माणसेही आहेत. अमेरिकेतले नामवंत चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 2010 च्या एप्रिलमध्ये लिहिले की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत. हजारो लोक तुटून पडले. जुलैमध्ये त्यांनी पुन्हा लिहिले: न पाहिलेल्या चित्रपटावर मी कधी मत दिले नसते, मग न खेळलेल्या गेमवर द्यायला नको होते. मूळ मत त्यांनी सोडले नाही. ते मांडायचा आपला अधिकार मागे घेतला. आपल्याकडे चर्चासत्रात ‘आजची पिढी’ असे वाक्य सुरू करणाऱ्या कोणी असे काही मागे घेतल्याचे ऐकिवात नाही.

सगळे गेम लिहिण्याच्या लायकीचे असतात असा माझा दावा नाही. उलट, बड्या कंपन्यांचे पन्नास-साठ तासांचे गेम मला बहुतांशी फुगवलेले वाटतात. नकाशाभर खुणा पेरलेल्या, प्रत्येक खुणेवर तेच काम, तीच पाच माणसे मारायची, तीच पेटी उघडायची. ऐवज दहा तासांचा, बाकी भरताड. असा गेम अर्ध्यात सोडला तर बेलाशक सोडावा. पण कुठे सोडला आणि कशाला कंटाळून, ते लिहावे. तेही परीक्षणच आहे. कोणत्या काठिण्यपातळीवर खेळलात, कुठे अडून यूट्यूबवर उत्तर पाहिलेत, हेही लपवू नये. गेमच्या लेखात ‘मी’ येणारच. त्याला आत्मप्रौढी समजण्याचे कारण नाही, तो पुरावा आहे.

नुकताच संपवलेला शेवटचा गेम ‘व्हेन्बा’. टोरांटोच्या चमूचा, 2023 चा, दीडेक तासाचा. पुढच्या वर्षी त्याला पदार्पणाचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. 1988 मध्ये कॅनडात गेलेले तमिळ जोडपे, तिथे वाढणारा मुलगा, आणि आईकडून आलेली, डाग पडून फाटलेली पाककृतींची वही. नाहीसे झालेले शब्द अंदाजाने भरून काढायचे: इडलीची ताटे एकावर एक कशी बसवायची, भांड्यात आधी काय पडणार. मी पहिल्याच प्रयत्नात इडल्या बिनचूक लावल्या, कारण ताटांची भोके एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत हे मला वही न वाचताच माहीत होते. मुलगा मोठा होतो आणि वही त्याच्या हातात येते, तेव्हा त्याला तमिळ धड वाचता येत नाही. मजकूर पडद्यावर त्याला जेवढा कळतो तेवढाच दिसतो. तिथे मी, जिला तमिळ मुळीच येत नाही, आईच्या बाजूने चिडले होते. न्यू जर्सीत वाढलेला, घरी मराठी ऐकणारा पण वाचता न येणारा एखादा तिशीतला मुलगा तिथे कोणाच्या बाजूने असेल? त्याने हा गेम संपवून लिहावे, अगदी रोमन लिपीत लिहिले तरी मी वाचेन.